काटवेकच्या हिरव्या दाराचा उंबरठा

ज्या दिवशी घर हातचे गेल्याचे कळले, त्या दिवशी शेवंती मला तेल लावत होती. सकाळची वेळ होती. बहरीनमध्ये गुदैबियातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिने जमिनीवर जुनी चादर अंथरली होती, तिच्यावर मला आडवे ठेवले होते आणि जवसाच्या तेलात बुडवलेले फडके ती माझ्या अंगावरून फिरवत होती. तिला दम लागत होता. दोनदा हात फिरवला की ती थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा फडके उचलायची. तिचा नवरा शंभू कामावर जायला बूट घालत होता. तेवढ्यात फोन वाजला.

फोन मृणालीचा होता. मृणाली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती नेदरलँड्समध्ये नोकरी करते.

"बाबा, घर गेलं," ती म्हणाली. "काल संध्याकाळी त्यांनी दुसऱ्याबरोबर सही केली. इट्स गॉन."

शंभूला ते खरेच वाटेना. "गेला म्हणजे? त्या म्हातारीन तुका हो म्हटलेला ना? शब्द दिलेलो ना?"

"शब्द दिला होता, बाबा. सही झाली नव्हती. मी सांगितलं होतं तुम्हाला. किती वेळा सांगितलं होतं."

शंभू एका पायात बूट घालून तसाच बसला. पितृपक्ष संपायला दोन दिवस उरले होते. शेवंतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तेलकट हात माझ्यावर ठेवून ती एवढेच म्हणाली, "आता ह्याका खंय बसवचो?"

'ह्याका' म्हणजे मला. मित्रांनो, मी एक उंबरठा आहे. माझे लाकूड तुमच्या आजोबांपेक्षा जुने असेल, पण उंबरठा म्हणून माझे आयुष्य अजून सुरू झालेले नाही. ज्या दारासाठी मला कापले, ते दार दुसऱ्याचे झाले. हे कसे झाले ते मी तुम्हाला सांगणार आहे. गोड करून सांगता येणार नाही. तुम्हाला गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझे लाकूड मलबारच्या सागवानाचे. तिथून जहाजात भरून मला बहरीनला आणले. मुहर्रकच्या किनाऱ्यावर बोटी बांधत असत, तिथे एका मासेमारीच्या गलबताच्या कुशीला मला ठोकले. माझी एक बाजू कायम पाण्यात आणि एक बाजू माशांच्या वासात. मी पुष्कळ वर्षे खारे पाणी अडवले. गलबताचा म्हातारा मालक येता-जाता माझ्यावर थाप मारून मुलाला सांगायचा, की ह्या फळीला खार लागत नाही. त्याच्या मुलाचे नाव हमझा.

शंभू मला तिथेच भेटला. तो मालवणजवळच्या एका गावातून सुतारकामासाठी आलेला, मिसरूड फुटलेला पोरगा होता. दरवर्षी गलबत वाळूवर ओढले की तो माझ्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा. त्याचा हात चांगला होता. जास्त बोलायचा नाही. पुढे फायबरच्या बोटी आल्या आणि आमचे गलबत वाळूवर ओढले ते पुन्हा पाण्यात गेलेच नाही. पोरे माझ्यावर खिळ्याने नावे कोरत. मांजरे माझ्या सावलीत पिल्ले घालत. शंभू बोटींचे काम सोडून एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे तो श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी दारे आणि चौकटी बनवू लागला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची दारे बसवली. स्वतः मात्र गुदैबियात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला.

आता शेवंतीबद्दल सांगितले पाहिजे, कारण मला बनवायला तिने लावले. ती लग्न होऊन बहरीनला आली ती त्याच फ्लॅटमध्ये. त्या फ्लॅटच्या दाराला उंबरठा नाही, ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे. दिवाळीत ती त्या पट्टीबाहेर कॉरिडॉरच्या फरशीवर लक्ष्मीची पावले काढायची आणि दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बॅचलर पोरांच्या चपलांनी ती पुसून जायची. पोरे चांगली होती. ती तिला सॉरी आंटी म्हणायची. शेवंती पुन्हा पावले काढायची. आधी तिच्या गच्चीतून समुद्र दिसायचा. पुढे समुद्रात भराव टाकला, भरावावर इमारती आल्या आणि बेटावर राहूनही समुद्र दिसेनासा झाला.

ती नेहमी म्हणायची, "उंबरठो नसलेला घर म्हणजे नुसतीच खोली. लक्ष्मीन थांबाचा खंय नि बघूचा काय?"

शंभू हसायचा. म्हणायचा, "लक्ष्मी लिफ्टीन येतली."

"लिफ्ट बंद आसता तुमची. तीसुदा कंटाळून परत गेली असतली."

मृणाली ह्याच घरात वाढली. ती इथल्या शाळेत इंग्रजीतून शिकली. आईवडिलांचे मालवणी तिला सगळे समजते, पण उत्तर ती मराठी आणि इंग्रजी मिसळून देते. ती हुशार निघाली. शिकायला नेदरलँड्सला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. समुद्राला बांधाच्या आत येऊ न देण्याचे काम ती करते. तिने सांगितले तेव्हा शेवंती म्हणाली होती, "बापूस बोटीत पाणी येवक देय नाय, चेडू गावात येवक देणा नाय." चेडू म्हणजे मुलगी.

मृणालीला समुद्राकाठच्या काटवेक नावाच्या गावात घर घ्यायचे होते. तिथे वाळूच्या टेकड्या आहेत, किनाऱ्यावर पांढरे चर्च आहे आणि वारा इतका आहे म्हणे की सायकल चालवताना पुढे जाण्याऐवजी आडवे व्हायला होते. शेवंतीने ते नाव ऐकले आणि लगेच आपलेसे केले. "काटवाडी," ती म्हणायची. "आमचा चेडू काटवाडीत घर बघता."

घर बघणे सोपे नव्हते. तिकडे एका घरामागे वीसजण लागतात. दहा-पंधरा मिनिटे घर दाखवतात, मग प्रत्येकाने आपला आकडा बंद पाकिटात घातल्यासारखा गुपचूप कळवायचा. मृणाली अनेकदा हरली. प्रत्येक वेळी शेवंती इकडे देवापुढे साखर ठेवायची आणि प्रत्येक वेळी ती साखर मुंग्या खायच्या.

दरम्यान शेवंतीचे दुखणे सुरू झाले. तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की आता विमानप्रवास झेपेल, पुढच्या वर्षाचे सांगता येणार नाही. मृणाली तिकडे तिघींबरोबर एका घरात एका खोलीत राहायची, तिथे आईवडिलांना नेणे शक्य नव्हते. म्हणून शेवंतीने एकच धरले. मुलीचे घर व्हावे आणि त्या घराचा उंबरठा आपण पायांनी ओलांडावा. तिच्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर पडलेला होता. बाकी काही नको होते.

मग भाद्रपदात ते घर आले. विटांचे, दोन मजली, रांगेतले, समुद्रापासून तीन गल्ल्या आत. दार हिरवे. घराची मालकीण एक म्हातारी बाई होती आणि ती वृद्धाश्रमात राहायला निघाली होती. तिला दुसऱ्या कुणीतरी जास्त आकडा दिला होता. पण मृणालीने तिला आईबद्दल सांगितले आणि म्हातारीने मृणालीला हो म्हटले. म्हातारीचा मुलगा मात्र खूश नव्हता.

मृणालीने घराचा तपासनीस नेला. त्याने छप्पर बघितले, भिंती बघितल्या आणि सांगितले की घर ठीक आहे, फक्त समोरच्या दाराखालचे लाकूड खाऱ्या वाऱ्याने कुजले आहे, ते बदलावे लागेल. मृणालीने त्याचा फोटो पाठवला. शंभूने फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत शेवंतीने तो असा बघितला नव्हता.

"माप पाठव," तो म्हणाला. "चौकटीच्या आतल्या बाजूचा. दोनदा मोज."

त्याच दिवशी संध्याकाळी तो हमझाकडे गेला. हमझा आता म्हातारा झाला आहे आणि त्याच्या आवारात आमच्या गलबताच्या फळ्यांचा ढीग पडलेला होता. शंभूने ढिगातून मला ओढून काढले. मला त्याचा हात आठवला. त्याला मी आठवलो की नाही, ते मला माहीत नाही.

"शंभू, ये लकडी मेरे बाप से भी बूढा है," हमझा म्हणाला. "क्या करेगा इसका?"

"बेटी का घर का दरवाजा में डालेगा. उधर हॉलंड में."

हमझा पुष्कळ हसला. "मच्छी का बोट हॉलंड जाएगा! ले जा, ले जा. पैसा मफी. खलास." मफी म्हणजे नाही; त्याने पैसे घेतले नाहीत.

मला वाटले, वाळूवरचे माझे दिवस संपले.

मित्रांनो, इथपर्यंत सगळे चांगले चालले होते. आता जे सांगतो ते लक्ष देऊन ऐका.

म्हातारीचा होकार आला, त्याच्या आदल्या दिवशी पितृपक्ष लागला होता. मृणालीने फोनवर सांगितले की तिकडे तोंडी होकाराला किंमत नाही. कागदावर दोघांची सही होईपर्यंत मालक कधीही दुसऱ्याला घर देऊ शकतो. सही झाली की मात्र तो बांधला जातो. घेणाऱ्याला उलट तीन दिवस माघार घेता येते. कागद तयार होता. तिला दोन दिवसांत सही करायची होती.

आदल्या वर्षी पितृपक्षातच शंभू-शेवंतीने नवा फ्रीज आणला होता आणि त्याच आठवड्यात शेवंती जिन्यात कोसळली होती. तेव्हाच झडपेचे दुखणे कळले. ही गोष्ट शंभूच्या डोक्यात घट्ट बसली होती. मुलीला थांबायला सांगून त्याने दत्तप्रसादांना फोन लावला.

दत्तप्रसाद पुण्याचे. एका मोठ्या ऑफिसात अकाउंटंट आहेत, सनाबिसला मॉलच्या बाजूला राहतात. मंडळाच्या गणपतीची पूजा तेच सांगतात आणि त्यांच्या फोनमध्ये पंचांग असते. शंभू त्यांना मानायचा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच घरी आले, चहा घेतला आणि बोटाने फोन वरखाली करत म्हणाले, "छे, छे. शंभूराव, वास्तूचा व्यवहार पितृपक्षात? अजिबात नको. घटस्थापना उत्तम आहे. तुम्हाला फ्रीजचा अनुभव आहेच."

शेवंती आतून म्हणाली, "फ्रीजान काय केल्यान नाय, भावजी. झडप माझी जुनीच होती. फ्रीज बिचारो अजून चलता."

"वहिनी, चेष्टेचा विषय नाही हा. तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय मी."

दत्तप्रसाद गेल्यावर ती शंभूला म्हणाली, "माझे पितर माका खावचे नाय. चेडवाक सांगा, सही कर."

"पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणा नाय."

"माझ्याकडे पंधरा दिवस आसत म्हणान कोणी सांगल्यान तुमका?"

"म्हणानच," शंभू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "म्हणानच नको. तुझ्या जीवापेक्षा घर मोठा नाय."

तो घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाला समजावता येत नाही. त्याने मृणालीला फोन करून सांगितले की घटस्थापनेला सही कर, त्याआधी नाही. ती पलीकडून म्हणाली, "माझ्या बाबांचे पूर्वज सध्या जेवायला आलेत, म्हणून सही पुढे ढकला, हे मी डच माणसाला कसं सांगू, बाबा?"

"आजारी आसय म्हणान सांग."

तिने तसे सांगितले. म्हातारी थांबली.

ज्या दिवसांत सही थांबली होती त्या दिवसांत माझे काम मात्र जोरात चालू होते. शंभू वर्कशॉपमधून आला की गच्चीत मला घेऊन बसायचा. त्याने मृणालीने पाठवलेल्या मापाला मला कापले. शेवंती जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बघत बसायची.

"सही चलणा नाय आणि करवत चलता?" तिने विचारले.

शंभूने करवत थांबवली नाही. "ह्या काम आसा. कामाक पितृपक्ष नसता."

त्याने मला रंधा मारला, पोरांनी कोरलेली नावे गेली, माशांचा वास गेला. मधोमध एक छोटे कमळ कोरले. गलबताच्या खिळ्यांची भोके त्याने सागाच्या खुंट्या ठोकून बुजवली. शेवंतीने त्यातले एक बुजवू दिले नाही. "एक तसाच ठेवा. दृष्ट लागाक नको," ती म्हणाली आणि बोटाने त्यात हळद भरली. ती हळद अजून तिथे आहे.

मी पुरा झालो त्या संध्याकाळी त्याने मला खाली आणून खोलीत ठेवले. शेवंती उठली. तिने पदर खोचला, भिंतीला हात धरला आणि उजवा पाय उचलला. तिला फक्त एकदा ओलांडून बघायचे होते.

"थांब," शंभू म्हणाला. "बसवल्याशिवाय ओलांडूचो नाय. दारात बसवया, पूजा करूया, मगे."

तिचा पाय हवेत होता. तिने तो मागे घेतला. "बरा," ती म्हणाली. "तुमचाच खरा."

मी तिच्या पायापासून वीतभर लांब होतो. तिच्या पायाची ऊब मला कळली होती. मला ओलांडणारी ती पहिली असती. त्यानंतर चार दिवसांनी तो फोन आला. म्हातारी थांबली होती, पण तिचा मुलगा थांबला नव्हता. पहिल्यापासून जास्त आकडा देणारा माणूस पेन घेऊन उभाच होता.

सर्वपित्रीला शंभूने पितरांना वाडी दाखवली, कावळा मिळेना म्हणून पान गच्चीवर कबुतरांना ठेवले. शेवंती म्हणाली, "जेवलात ना सगळे? आता जावा."

मग दसरा आला. मित्रांनो, ह्या दिवसाचा मला राग आहे, तो अजून गेलेला नाही. संध्याकाळी दत्तप्रसाद सोने द्यायला आले. बहरीनमध्ये आपट्याची पाने मिळायची पंचाईत, म्हणून त्यांनी रंगीत कागदाची पाने कापून आणली होती. बरोबर पेढ्यांचा खोका होता.

"तोंड गोड करा. पुण्यात फ्लॅट घेतला. बाणेरला."

शंभूने पेढा घेतला. "बरा झाला. मुहूर्त केलात?"

"बुकिंग आधीच झालं हो. बिल्डरची ऑफर संपत होती. भावाकडून सही करून घेतली, पाठवली ऑनलाइन."

"कधी?" हे शेवंतीने विचारले.

दत्तप्रसाद म्हणाले, "झालं की... अं... तुमच्याकडे आलो होतो त्या आठवड्यातच. पण वहिनी, बुकिंग वेगळं. टोकन म्हणजे काही वास्तुप्रवेश नव्हे."

मग शेवंती हसली. दम लागेपर्यंत हसली. "तुमचे पितर रजेर होते वाटता, भावजी. आमच्यांका रजा मिळाक नाय."

शंभूच्या हातात अर्धा पेढा होता. तो त्याने खाल्ला. टाकला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण तो खाली मान घालून शेवटपर्यंत चावत राहिला आणि दत्तप्रसादांना दारापर्यंत सोडायला गेला.

त्यानंतर शेवंती घराबद्दल बोलली नाही. मृणाली म्हणायची, आई, तू अशीच ये, आपण हॉटेलमध्ये राहू, मी तुला समुद्र दाखवते. शेवंती म्हणायची, येते हं, येते. पण तिने बॅग काढली नाही. रोज ती मला मात्र एकदा पुसायची. पुढे वाकता येईना तेव्हा मला कपाटामागे उभे करून ठेवले आणि ती जाता-येता बोटाने माझ्यावरची धूळ झटकायची. बहरीनची धूळ बारीक असते, झटकली तरी बसते. मार्गशीर्षात तिला दवाखान्यात नेले. ती परत आली नाही. तिला तिथूनच नेले. म्हणजे ती घराबाहेर गेली तीही त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरूनच गेली.

सगळे दत्तप्रसादांनी केले. गाडी, कागद, स्मशानातली व्यवस्था, मृणालीला विमानतळावरून आणणे. चार दिवस त्यांनी ऑफिसला रजा घातली. शिव्या घालाव्यात इतका तो माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे. वाईट असता तर शंभूला सोपे गेले असते.

दिवस झाल्यावर मृणालीने कपाटामागून मला बाहेर काढले. तिने मला पहिल्यांदाच हातात घेतले. ती कमळावरून बोट फिरवत होती आणि मग तिचे बोट हळदीच्या भोकाशी थांबले.

"हे आईनं केलं?"

"हो," शंभू म्हणाला.

मग ती म्हणाली, "आईनं मला फोन केला होता. तुम्ही कामावर होतात. म्हणाली, सही कर, बाबांना मी सांभाळते."

शंभूला हे माहीत नव्हते. मला माहीत होते, मी तेव्हा गच्चीच्या जिन्यात टेकून उभा होतो.

"मगे केलंस कित्याक नाय?"

"कारण तुम्ही नको म्हणाला होतात! मला वाटलं, तुम्हाला काहीतरी कळत असेल. इट वॉज जस्ट अ सिग्नेचर, बाबा. एक सही. तिनं दारातून चालत आत यायला हवं होतं. मी तिथे उभी राहणार होते."

"तुका म्हायत आसा, मी कित्याक अडवलंय."

"माहीत आहे," मृणाली म्हणाली. "म्हणून तर धड रागावताही येत नाही मला तुमच्यावर. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं."

ती रडत होती. शंभू रडला नाही. त्याने मला तिच्या हातातून घेतले आणि भिंतीशी नीट टेकवले, जणू मी पडलो तर मोडेन. सागवान पडून मोडत नाही. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मृणाली परत गेली. उन्हाळ्याच्या तोंडावर तिने काटवेकमध्येच एक फ्लॅट घेतला. दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते. ह्या वेळी तिने होकार आला त्याच दिवशी सही केली आणि सही झाल्यावर बापाला कळवले. तिथी कुठली होती ते तिने सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही.

तिने नव्या दाराचा फोटो पाठवला आणि माप पाठवले. दोनदा मोजले होते. खाली लिहिले होते, "बाबा, तुम्ही येतो-येतो म्हणत थांबू नका. उंबरठा घेऊन या. किती लांब आहे तो?"

शंभूने फोन बाजूला ठेवला, मला जमिनीवर घेतले आणि टेप लावली. मी चार बोटे कमी पडतो. त्याने टेप दुसऱ्यांदा लावली. चार बोटेच. ते हिरवे दार अरुंद होते, हे दार रुंद आहे. रंधा मारून लाकूड कमी करता येते, वाढवता येत नाही. जोड लावता येईल, वर्कशॉपमध्ये त्याने शेकडो जोड लावले आहेत, कळणारही नाहीत असे. पण शंभू म्हणतो, उंबरठ्याला जोड लावत नाहीत. शेवंती असती तर म्हणाली असती, जोड चलणा नाय आणि रिकामा दार चलता? ती नाही म्हणून त्याला कुणी काही म्हणत नाही. फ्लॅटमध्ये हल्ली तो आणि मी असे दोघेच असतो, आणि मला त्याच्याशी बोलता येत नाही.

वर्षअखेरीस त्याचा व्हिसा संपतो. कंपनीने सांगितले आहे की आता नवा मिळणार नाही. दत्तप्रसाद म्हणाले, सामान गावी पाठवायला मी कंटेनरवाल्याशी बोलतो. शंभू बरे म्हणाला. सामानात मला लिहायचे की नाही ते त्याने अजून ठरवलेले नाही. हमझा एकदा भेटला तेव्हा त्याने हसत विचारले, "क्या शंभू, मेरा बोट हॉलंड पहुंचा?" शंभू म्हणाला, "इंशाल्ला," आणि पुढे चालू लागला.

मित्रांनो, तुमच्याही घरी लाकडाची एखादी वस्तू असेल. तिला वर्षातून एकदा तेल लावा, ओल्या जागी ठेवू नका, आम्हाला एवढे पुरते. आमच्याकडे थांबायला वेळ असतो. मी गलबतात थांबलो, वाळूवर थांबलो, कपाटामागेही थांबेन. पितरांकडेही वेळ पुष्कळ असतो, ते पुढच्या वर्षी परत येतात. ज्या माणसाने तुमच्यासमोर पाय उचलला आहे, त्याच्याकडे वेळ नसतो. त्याला थांब म्हणू नका. त्याला ओलांडू द्या. पूजा मागून करता येते.

मृणालीने विचारलेल्या लांबीचे उत्तर शंभूने अजून पाठवलेले नाही. तिच्या दाराखाली अजून काही नाही. मी गुदैबियात कपाटामागे उभा आहे, आणि मला अजून कुणी ओलांडलेले नाही.